तिसऱ्या पावसाळ्यातली गाडी

वेगवान गाडी घ्यायचं मनाशी ठरलं की बहुतेक जण आधी एक तक्ता करतात. डावीकडे गाड्यांची नावं, मग हॉर्सपॉवर, मग शून्य ते शंभरचे सेकंद आणि शेवटी किंमत. उमेदीची वर्षं मी इंजिनांवर काम करण्यात घालवली आणि कुणाबरोबर जुनी गाडी बघायला जायला मला अजूनही आवडतं, म्हणून असे तक्ते माझ्याकडे नेहमी येतात. तक्ता वाचून झाला की मी विचारतो, यात तिसरा पावसाळा कुठे आहे?

पहिलं वर्ष कौतुकात जातं. दुसऱ्या वर्षी पहिली मोठी सर्व्हिस येते, टायर बदलायला होतात. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत वॉरंटी संपत आलेली असते, अलॉयच्या कडांवर खड्ड्यांच्या खुणा असतात आणि घरातल्या माणसांनी त्या गाडीविषयी आपलं मत पक्कं केलेलं असतं. त्या जुलैतल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला तुम्हाला किल्ली उचलावीशी वाटली पाहिजे आणि गाडीने पहिल्या फटक्यात चालू झालं पाहिजे. गाडी निवडताना मी डोळ्यांसमोर ठेवतो ती ही सकाळ.

स्पोर्ट्स कार म्हटल्यावर दोन दारांची, बुटकी, छत उघडणारी गाडी डोळ्यांपुढे येते, पण आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच आणि फार महाग. म्हणून मराठी घरातला वेगाचा शौकीन प्रत्यक्षात फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, ह्युंदाई आय20 एन लाइन, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, गोल्फ जीटीआय, बीएमडब्ल्यू एम340आय किंवा वापरलेल्या बाजारातली एखादी पोलो जीटी, मस्टँग अशांमध्ये घोटाळत असतो. मी बोलतोय ते याच गाड्यांबद्दल.

आधी त्या पहिल्या रकान्याकडे बघू. अश्वशक्तीचं माप जेम्स वॅटने अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलं. त्याला वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाइकांना घोड्यांचाच हिशेब कळत होता. एक घोडा मिनिटाला 33,000 फूट-पौंड काम करतो असं त्याने धरलं. आजच्या भाषेत ते सुमारे 746 वॅट. युरोपातला मेट्रिक घोडा, म्हणजे माहितीपत्रकातला पीएस, जरा लहान, 735.5 वॅटचा. म्हणून 265 पीएस म्हणजे साधारण 261 बीएचपी. एका गाडीचा आकडा पीएसमध्ये आणि दुसरीचा बीएचपीमध्ये छापलेला असतो, आणि चार घोड्यांच्या फरकावर लोक तासभर वाद घालतात. तक्ता करताना सगळे आकडे एकाच मापात आणा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. छापलेला आकडा हा इंजिनाच्या एका ठरावीक फेऱ्यांवरचा सर्वोच्च बिंदू असतो. होंडाची एस2000 ही टर्बोशिवायच्या दोन लिटर इंजिनाची गाडी तिची पूर्ण ताकद आठ हजार फेऱ्यांच्या वर देई. ती ताकद मिळवायला इंजिन ओरडवावंच लागे, आणि त्या गाडीची मजाही तीच होती. उलट व्हर्टस जीटीचं दीड लिटरचं टर्बो इंजिन 150 पीएसचं, पण त्याचा 250 न्यूटन-मीटरचा टॉर्क 1,600 फेऱ्यांपासून 3,500 पर्यंत सपाट मिळतो. रोजच्या गर्दीत, घाटाच्या चढावर, भरलेल्या डिकीनिशी हा खालचा टॉर्कच उपयोगी पडतो. म्हणून नुसतं ‘किती घोडे’ असं विचारू नका. ते कितव्या फेऱ्यांवर जुंपले जातात आणि त्या फेऱ्यांपर्यंत तुम्ही आठवड्यातून किती वेळा जाता, तेही विचारा.

हवामानही आपला वाटा घेतं. इंजिनाची ताकद मोजताना हवा 25 अंशांची धरतात. नागपूर, अकोल्याच्या मे महिन्यात ती हवा कुठून आणायची? गरम हवा विरळ असते आणि टर्बो गाडीचा इंटरकूलर तापला की इंजिनाचा संगणक स्वतःहून ताकद आवरती घेतो. उंचीचंही तसंच. टर्बो नसलेलं इंजिन दर शंभर मीटरला सुमारे एक टक्का ताकद गमावतं. महाबळेश्वरच्या माथ्यावर, साडेतेराशे मीटरच्या आसपास, शंभरातले दहा-तेरा घोडे खालीच राहतात. टर्बोला ही उंची फारशी जाणवत नाही. पेट्रोलच्या ऑक्टेनवरही बरंच अवलंबून असतं. जास्त दाबाच्या इंजिनाला कमी ऑक्टेनचं पेट्रोल दिलं की नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडतो, इंजिन वाचतं, पण विकत घेतलेले काही घोडे तबेल्यातच राहतात. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किमान ऑक्टेन लिहिलेला असतो, तो वाचा. जुनी परदेशी गाडी घेत असाल तर ती ई20 पेट्रोलसाठी बनलेली आहे का, हे पुस्तिकेत बघा. आपल्याकडे ई20 ला साजेसे रबरी पाइप आणि सील सर्रास आले ते एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांत.

आता वजन. माझ्या मते तक्त्यातला पहिला रकाना ताकदीचा नसावाच, दर टनामागे किती घोडे याचा असावा. व्हर्टस जीटी सव्वा टनाच्या आसपास, म्हणजे टनामागे साधारण 120. नवी ऑक्टाव्हिया आरएस 265 पीएस आणि दीड टनाच्या थोडी आत, म्हणजे 180 च्या घरात. भारतात 2016 साली आलेली मस्टँग जीटी पाच लिटरच्या व्ही8 इंजिनाची, 401 पीएसची, पण पावणेदोन टनांची. टनामागे 230 च्या आत. हा भागाकार केला की काही गाड्यांचा दिमाख उतरतो आणि काही हलक्या गाड्या वर सरकतात.

वजनाचा मुद्दा नुसत्या पळण्याचा नाही. जड गाडीला थांबायला मोठे ब्रेक लागतात, वळायला रुंद टायर लागतात आणि हे सगळं झिजतंही लवकर. माझ्दाने 1989 साली एमएक्स-5 आणली तेव्हा तिच्या कर्त्यांनी घोड्यांच्या संख्येकडे जवळजवळ पाठच फिरवली होती. त्यांचं सूत्र होतं ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. पहिल्या गाडीत 1.6 लिटरचं साधं इंजिन होतं, आणि तरी 2016 पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. आपल्या भाषेत या गोष्टीला नेमका शब्द आहे: मांड. घोडा कितीही उमदा असला तरी मांड पक्की बसली नाही तर स्वार बावरलेलाच राहतो. टेस्ट ड्राइव्हला बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मी हेच बघतो. स्टिअरिंगमधून पुढच्या चाकांखालचा रस्ता कळतोय का? ब्रेक दाबला की पायाला अंदाज येतोय का? बूड सीटमध्ये घट्ट बसलंय का? ही मांड बसली तर 120 घोडेही पुरतात.

आपले रस्ते या गणितात कुठे बसतात? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना 100 ची मर्यादा आहे, घाटात त्याहून बरीच कमी, आणि आता कॅमेरे सतत मोजत असतात. अटल सेतूवर 100. समृद्धी महामार्गावर 120. एम340आय 2021 साली भारतात आली तेव्हा तिचे 387 पीएस आणि शंभरापर्यंतचे 4.4 सेकंद यांचं मोठं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. ते इंजिन खरोखर सुरेख आहे. पण साडेचार सेकंदांनंतर काय? कायद्यातला रस्ता तिथेच संपतो. ताम्हिणीत, मुळशी सोडून कोकणाकडे उतरताना, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये 150 घोड्यांची हलकी गाडी अक्षरशः पूर्ण वापरता येते. तीनशे ऐंशी घोड्यांची गाडी तिथे चालक सतत लगाम खेचून चालवतो. दोन्हीत मजा आहे, पण पहिलीत ती जास्त वेळ मिळते. माझं मन त्या पहिलीकडे झुकतं, हे मी लपवणार नाही.

तरीही ताकद म्हणजे निव्वळ चैन, असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. दोन पदरी रस्त्यावर ट्रक ओलांडताना ती जीव वाचवते. माणसांसह दीड टनाची गाडी 60 वरून 100 ला न्यायची तर चाकांपर्यंत सरासरी 60 किलोवॅट पोचत असताना सहा सेकंद लागतात. 120 पोचत असतील तर तीन. त्या वाचलेल्या तीन सेकंदांत समोरून 80 च्या वेगाने येणारा ट्रक पासष्ट मीटरहून जास्त जवळ आलेला असतो. चिपळूण-कराड किंवा आंबोली-सावंतवाडी असं रात्री-अपरात्री जाणाऱ्या माणसाने 80 घोड्यांच्या गाडीवरून 150 च्या गाडीवर जावं, असं मी आग्रहाने सांगेन. दीडशेवरून अडीचशेवर गेलात तर फरक जाणवतो. अडीचशेवरून चारशेवर गेलात तर तो जाणवण्याइतका मोकळा रस्ताच महिन्यातून एखादवेळी सापडतो. तुम्ही कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर नेमाने जात असाल तर गोष्ट वेगळी. तिथे सगळे घोडे सुटे सोडता येतात. मग ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि टायर यांचा खर्चही ट्रॅकच्याच हिशेबाने धरा.

व्यवहाराच्या प्रश्नांना लोक नाक मुरडतात, जणू ते विचारल्याने शौक पातळ होतो. पण गाडी घरी उभी राहणार आहे, घरातल्या माणसांना नेणार आहे. प्रमाणित गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असायला हवा. आपल्या सोसायट्यांनी आणि ग्रामपंचायतींनी घातलेले तसे असतात का, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून नुसता ग्राउंड क्लिअरन्स बघू नका; पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही बघा. लांब गाडीचं पोट मध्येच टेकतं. त्याच क्लिअरन्सची आखूड गाडी तोच गतिरोधक सहज ओलांडते. पुढचा बंपर चाकांच्या किती पुढे आलाय हेही बघा, कारण तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर आधी तोच घासतो. इमारतीत यांत्रिक पार्किंग असेल तर त्या पाळण्याची रुंदी आणि पेलणारं वजन विचारून घ्या. गाडी घेतल्यावर हे विचारायला गेलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या एकाची नवीकोरी गाडी वर्षभर रस्त्यावर उभी होती.

टायरचं गणित सोपं आहे आणि कुणीच करत नाही. 225/40 आर18 टायरच्या बाजूची उंची 225 च्या 40 टक्के, म्हणजे 90 मिलिमीटर. साध्या गाडीच्या 185/65 आर15 ची 120. खड्ड्याचा मार रिमपर्यंत जाऊ न देणारं रबर एवढंच असतं. तीन सेंटिमीटर कमी म्हणजे पावसाळ्यात अलॉय वाकण्याची आणि टायरला फुगा येण्याची शक्यता कितीतरी जास्त. गाडीबरोबर एक इंच लहान चाकांचा पर्याय मिळत असेल आणि ती चाकं ब्रेकवर बसत असतील, तर बेलाशक तो घ्या. फोटोत गाडी थोडी कमी देखणी दिसेल, पण खेड-शिवापूरच्या पुढे पाठीला फरक कळेल. स्टेपनी आहे का, की नुसतं पंक्चर किट दिलंय, हेही बघा. कुंभार्लीच्या मध्यावर टायरची बाजू फाटली तर त्या किटचा काही उपयोग नसतो.

मागच्या सीटवर आईला बसवून बघा. हे मी अगदी मनापासून सांगतो. बुटक्या गाडीत शिरताना गुडघे दुमडावे लागतात, उतरताना हाताला आधार सापडत नाही. म्हातारं माणूस दोनदा त्रास सहन करतं, तिसऱ्यांदा ‘तुम्ही जा, मी घरीच बरी’ म्हणतं. मग लग्नाकार्याला दुसरी गाडी काढावी लागते आणि शौकाची गाडी हळूहळू कव्हराखाली जाते. दीडशे घोड्यांची चार दारांची सेडान इथे दोन दारांच्या चारशे घोड्यांवर सरळ मात करते.

मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट बघावी: हवा आत घेणारं तोंड किती उंचावर आहे. बऱ्याच वेगवान गाड्यांत ते खाली, बंपरच्या मागे असतं, कारण थंड हवा तिथे मिळते. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात तेच तोंड पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, गाडी ढकलून बाहेर काढा. विम्यात ‘इंजिन प्रोटेक्ट’ स्वतंत्र घ्यावं लागतं. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत.

भरवशाचा विषय सगळ्यांत मोठा, आणि त्यात लोकांची गल्लत होते. ‘अमुक कंपनीची गाडी भरवशाची’ असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. एकाच कंपनीच्या एका इंजिनाला तीन लाख किलोमीटर काही होत नाही आणि दुसरं साठ हजारांत दमतं. पोर्शचंच बघा. बॉक्सटर आणि 911 च्या 1997 ते 2008 च्या दरम्यानच्या बऱ्याच गाड्यांत इंटरमीडिएट शाफ्टचं एक बेअरिंग होतं. ते गेलं की पूर्ण इंजिन जाई. 2009 च्या नव्या इंजिनातून कंपनीने तो शाफ्टच काढून टाकला. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या लोकांना जुनी बॉक्सटर आजही आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त मिळते. त्या स्वस्ताईमागचं एक कारण हे बेअरिंग आहे. ते बदलल्याची पावती असेल तरच पुढचं बोलणं करा.

आपल्याकडे प्रश्न बहुतेकदा गिअरबॉक्सचा असतो. फोक्सवॅगन गटाची सात गिअरची, कोरड्या क्लचची डीएसजी चालवायला फार गोड आहे. पण 2013 साली याच डीएसजीच्या तक्रारींवरून चीनमध्ये 3 लाख 84 हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नंतर त्यात सुधारणा झाल्या. तरी तत्त्व बदलत नाही: कोरडा क्लच तेलात बुडालेला नसतो, मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गर्दीत तो घसरत राहतो आणि तापतो. हिंजवडीच्या गर्दीत रोज दोन तास घालवणाऱ्याने मॅन्युअल घ्यावी किंवा टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक बघावी. एम340आयमधली आठ गिअरची तशी आहे. ओल्या क्लचची डीएसजी जास्त दमदार असते, पण तिचं तेल पुस्तिकेत दिलेल्या अंतराला बदललंच पाहिजे, अनेक पेट्यांत ते 60,000 किलोमीटरला असतं. वापरलेली गाडी बघताना त्या तेलबदलाची नोंद मी इंजिन ऑइलच्याही आधी शोधतो.

एक ठोकताळा मी बऱ्याच वर्षांत बनवला आहे आणि तो सहसा फसत नाही: शौकाची गाडी अशी घ्या, जिची भावंडं रस्त्यावर भरपूर आहेत. व्हर्टस जीटी चाकणला बनते. तिचं इंजिन स्लाव्हिया, कुशाक, टायगुन या सगळ्यांत आहे. गाव कुठलंही असो, ते इंजिन उघडलेला मेकॅनिक सापडतो. ऑक्टाव्हिया आरएस 2025 च्या ऑक्टोबरात फक्त 100 गाड्यांची तुकडी म्हणून आली, 49 लाख 99 हजारांना. पण तिचं दोन लिटरचं इंजिन मुळात कोडिॲक, सुपर्बच्याच घराण्यातलं, म्हणून इंजिनाची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती तिच्या बंपरची, दिव्यांची, खास ब्रेकची. देशात शंभरच गाड्या असतील तर त्या वस्तू कुठलं दुकान साठवून ठेवील?

हे कागदावरचं भय नाही. पुण्यातल्या एका परिचिताने अशीच मोजक्या संख्येत आयात झालेली एक गाडी जुनी घेतली होती. सिग्नलला रिक्षेचा धक्का लागला, एक हेडलाइट आणि रेडिएटरची चौकट गेली. विमा कंपनीने खर्च मान्य केला. गॅरेज चांगलं होतं, फोरमन प्रामाणिक होता. हेडलाइट मात्र चार महिन्यांनी आला. चार महिने हप्ता जात होता आणि गाडी सोसायटीत कव्हराखाली उभी होती. इंजिन ठणठणीत होतं. भरवसा म्हणजे गाडी बंद पडत नाही एवढंच नव्हे. बंद पडली तर किती दिवसांत पुन्हा रस्त्यावर येते, हेही त्यात येतं. कंपनीच देशातून गेली तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो 2015 साली दहा लाखांच्या आत 145 पीएस देत होती. तशी गाडी त्या किमतीत मी पुन्हा पाहिली नाही. पण फियाटने इथलं दुकान आवरलं, आणि आज ती घेणाऱ्याला सुटे भाग शोधायची आवड असावी लागते. आवड असेल तर जरूर घ्या. घरातली ती एकच गाडी असणार असेल तर घेऊ नका.

ताकद वाढवून देणाऱ्यांचाही मोह होतो. संगणकातला कार्यक्रम बदलून टर्बो गाडीत वीस-पंचवीस टक्के टॉर्क वाढवता येतो, आणि तो खरोखर वाढतो. कारखान्याने राखलेली शिल्लक त्यातच खर्च होते. क्लच, गिअरबॉक्स, टर्बोचं बेअरिंग हे सगळं त्या शिल्लकीवर जगत असतं. शिवाय वॉरंटी जाते आणि विम्याच्या वेळी प्रश्न उभे राहतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तर नोंदणीच्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायलाच मनाई करतं. आधीच्या मालकाने असं काही केलं असेल तर ती गाडी मी सोडून देतो, कितीही स्वस्त असली तरी.

पैशांचं थोडक्यात. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीसाठी 13 टक्के कर लागतो, कंपनीच्या नावावर घेतली तर 20. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता घोड्यांवर ठरत नाही, इंजिनाच्या आकारावर ठरतो. 1,000 आणि 1,500 सीसी या त्याच्या सीमा आहेत. खरा खर्च पुढे असतो. माझं सांगणं असं की तुमची जेवढी ऐपत आहे तिच्या 85 टक्क्यांतच गाडी बसवा, उरलेलं वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. त्या पैशांतून चार चांगले टायर येतात, वाढीव वॉरंटी येते, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलता येतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि घाटाच्या उतारावर उकळलं की पेडल थेट तळाशी जातं. ज्या घोड्यांसाठी ही 15 टक्के रक्कम मोडावी लागते, ते तुम्हाला परवडत नाहीत.

वापरलेली गाडी बघायला जाताना मालकाला आधी सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका. थंड इंजिन चालू होताना येणारा आवाज आणि धूर पुन्हा दिवसभर दिसत नाही. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेष असेल तर गाडी पुरात होती. चारही टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चारही वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर या मालकाने इतर बाबतीतही हात आखडता घेतला असणार. ओबीडी यंत्र लावून जुने दोष वाचा, आणि ते नुकतेच पुसलेले आढळले तर कारण विचारा. गरम झालेली गाडी चढावर पहिल्या गिअरमध्ये हळू सरकवून बघा. थरथर आली तर क्लचचं काम जवळ आलंय.

नवीन असो की जुनी, शोरूमच्या लोकांनी आखलेल्या गुळगुळीत फेरीवर समाधान मानू नका. संध्याकाळी सहाला गाडी तुमच्या घरी आणा. तळघराच्या उतारावरून खाली न्या, तुमच्या जागेत लावा, दोन्ही बाजूंनी दारं उघडून बघा. दुसऱ्या दिवशी जमलं तर पहाटे एखाद्या घाटात नेऊन आणा. परत आल्यावर बॉनेटपाशी वास घ्या, ब्रेकच्या धगीचा अंदाज घ्या, पाठीला काय वाटतंय ते स्वतःला विचारा. मग सर्व्हिस सेंटरच्या सुट्या भागांच्या खिडकीशी जा. विक्रीच्या टेबलाशी नको. तिथल्या माणसाला चार गोष्टींची किंमत आणि त्या यायला किती दिवस लागतात ते विचारा: हेडलाइट, पुढचा बंपर, एक अलॉय, क्लचचा संच. ते आठही आकडे तक्त्यात हॉर्सपॉवरच्या शेजारच्या रकान्यात लिहा, आणि मगच टोकन द्या.